रामदेवराव यादव आठवड्याभरात शरण कसा गेला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगिरीचा रामचंद्रदेव यादव, म्हणजे आपला रामदेवराव, स्वतःला 'प्रौढप्रतापचक्रवर्ती' म्हणवून घेत होता. माळवा, तेलंगण, होयसळ, कोकण, सगळीकडे जय मिळवल्याचं त्याच्या लेखांत कोरलेलं आहे. मग १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी सात-आठ हजार घोडेस्वार घेऊन येतो आणि हा राजा आठवड्याभरात तह करतो, हे कसं? लेख खोटे होते, राजा भित्रा होता, की हेमाद्रीपंताने घात केला? आणि शेजारचे राजे मदतीला का आले नाहीत?

मी गेली पंचवीस-एक वर्षं यादवकालीन शिलालेख आणि ताम्रपट वाचतो आहे. हा प्रश्न मला व्याख्यानानंतर हमखास विचारला जातो आणि दरवेळी विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी दुखावल्याची भावना असते. ती मला समजते, कारण मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. ज्याच्या राज्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ज्याला खुद्द ज्ञानेश्वरांनी न्यायाने राज्य करणारा म्हटलं, त्याचं असं व्हावं हे मनाला पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. राजाच्या लेखातला विजय किती खरा मानायचा, हा पहिला. आणि १२९६ च्या त्या दिवसांत यादवांचं सैन्य होतं कुठे, हा दुसरा. पहिला सोडवल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही.

बिरुदांपासून सुरू करू. रामचंद्र १२७१ मध्ये गादीवर आला. १२७२ चा एक ताम्रपट ठाण्याला सापडला. त्यात त्याला माळव्याच्या राजारूपी मत्त हत्तीला सिंह आणि तैलंग राजारूपी वृक्ष उपटणारा हत्ती म्हटलंय. गादीवर येऊन जेमतेम वर्ष झालेलं. एवढ्यात माळवा आणि तेलंगण दोन्ही लोळवून झाले? तसं नाही. ही बिरुदं घराण्याची, वारशाने आलेली. पणजोबा सिंघणदेवाच्या वेळेपासून ही भाषा तयार होती आणि नव्या राजाच्या नावापुढे ती तशीच लावली जायची. त्यामुळे बिरुदावरून मी लढाईचा निकाल काढत नाही. मी बघतो ती शिळा कुठे उभी आहे, तिच्यावर कुठल्या राजाचं नाव आहे आणि शक कुठला आहे. गावातला अधिकारी दानाची नोंद करताना ज्याचं राज्य त्याचंच नाव घालणार, कारण उद्या वाद झाला तर त्याच राजाच्या दारात जायचंय. शेजारशेजारच्या गावांतली अशी नावं शकाप्रमाणे मांडत गेलं की सीमा कधी कुठे सरकली ते आपोआप दिसायला लागतं.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं त्याचं एक उदाहरण देतो. पंढरपूरला विठ्ठलमंदिरात 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा, त्यामुळे शेकडो वर्षं लोकांनी पाठी घासून त्यातली अक्षरं गुळगुळीत करून टाकली आहेत. शके ११९५ पासून ११९९ पर्यंत, म्हणजे १२७३ ते १२७७, या काळात मंदिराला कोणी काय दिलं याची ती यादी आहे. सुरुवातीलाच 'शके ११९५ श्रीमुख संवत्सरे' असं आहे. समजा त्यातला शेवटचा आकडा झिजून गेलाय. तरी 'श्रीमुख' एवढं वाचता आलं तर काम भागतं. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं आणि बाकी उरेल तेवढ्या क्रमांकाचा संवत्सर. ११९५ अधिक १२ म्हणजे १२०७, भागून बाकी ७, आणि प्रभवापासून सातवा श्रीमुख. बरोबर जुळतं. उजेड तिरपा टाकून, ओल्या कागदाचा ठसा घेऊन, एकेक अक्षर बोटाने चाचपत हे वाचावं लागतं. याच लेखात राजा रामचंद्रदेव आहे आणि हेमाडि पंडित, म्हणजे आपला हेमाद्रीपंतही आहे. राज्याचा धनी आणि त्याचा करणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख, दोघेही विठ्ठलाच्या दारी देणगीदार म्हणून उभे आहेत. मला या राजाची जी काही ओळख वाटते ती प्रशस्त्यांपेक्षा या झिजलेल्या दगडातून जास्त.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. शिळा हलतात. एका गावात ओढ्यावरच्या ढाप्याखाली मला यादवांचा एक तुटका लेख मिळाला आणि त्यावरून मी सीमेबद्दल एक मोठा तर्क बांधला. दोन वर्षांनी त्याच गावच्या एका म्हाताऱ्या माणसाने सांगितलं की तो दगड त्याच्या वडिलांनी बैलगाडीतून पलीकडच्या तालुक्यातून आणला होता. लेख खरा, शक खरा, पण जागा खोटी. तेव्हापासून एकट्या सुट्या दगडावर मी काहीही उभं करत नाही. आजूबाजूचे आणखी दोन-तीन लेख तेच सांगत असतील तरच.

आता स्पर्धेकडे येऊ. देवगिरीच्या यादवांना चारी दिशांना तोलामोलाचे शेजारी होते. दक्षिणेला दोरसमुद्राचे होयसळ, पूर्वेला वरंगळचे काकतीय, उत्तरेला माळव्याचे परमार, वायव्येला गुजरातचे वाघेले. पाचवा भिल्लम देवगिरीला राजधानी करून बसला आणि थोड्याच वर्षांत होयसळ वीरबल्लाळाशी लढण्यात संपला. त्याचा मुलगा जैत्रपाल याने काकतीयांच्या महादेवाला मारलं, त्याच्या मुलाला, गणपतीला, कैद केलं आणि पुढे सोडून राज्यावरही बसवलं. सिंघणदेवाने पन्हाळ्याचा भोज संपवला आणि तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख बांधून घेतला. शंभर वर्षं हा खेळ असाच चालला. यात कोणी कोणाला मुळापासून उपटत नव्हतं. खंडणी, हत्ती, दोन-चार किल्ले, एखादं बिरुद, आणि पुढच्या पिढीत परतफेड.

या खेळात दोन्ही बाजू काय लिहायच्या बघा. रामचंद्राचा चुलता महादेव काकतीयांच्या रुद्रमादेवीवर चालून गेला. आपला हेमाद्री लिहितो की महादेवाने तिला सोडून दिलं, कारण ती स्त्री होती. काकतीयांच्या बाजूची परंपरा सांगते की रुद्रमादेवीने महादेवाचा पाठलाग करत थेट देवगिरी गाठली आणि प्रचंड दंड वसूल केला. दोघांनीही आपापल्या मालकासाठी लिहिलंय. पण बिदरच्या किल्ल्यात रुद्रमेच्या एका मांडलिकाचा, भैरवाचा, लेख मिळाला. बिदर हा यादवांच्या बाजूचा मुलूख. शत्रूच्या सरदाराचा दगड आपल्या किल्ल्यात लागलाय म्हटल्यावर स्त्री म्हणून सोडून दिल्याची गोष्ट बाजूला ठेवावी लागते.

रामचंद्राच्या स्वतःच्या कारकिर्दीतलं सर्वांत बोलकं प्रकरण होयसळांवरच्या स्वारीचं. सेनापती साळुव टिक्कम १२७५-७६ मध्ये मोठी फौज घेऊन दक्षिणेत उतरला. तुंगभद्रेकाठच्या हरिहरच्या लेखात तो सांगतो की आपण दोरसमुद्र घेतलं, हत्ती-घोडे खंडणीत आणले. याच टिक्कमाने हरिहरला महादेवरायाच्या नावाने नारायणाचं देऊळ उभारलं. आता होयसळांचे लेख काढा. ते म्हणतात, सेवुणांची, म्हणजे यादवांची, फौज बेळवाडीला येऊन थडकली, तिथे १२७६ च्या एप्रिलमध्ये तिचा मोड केला आणि दुम्मीपर्यंत पाठलाग करून हाकललं.

मी बेळवाडीला गेलो आहे. आज दोरसमुद्राला हळेबीडू म्हणतात आणि बेळवाडी तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटर. वीरनारायणाचं सुंदर देऊळ आहे, आसपास सपाट शेती. तिथे उभं राहिलं की दोन्ही लेख एकाच वेळी खरे कसे असू शकतात ते ध्यानात येतं. यादव खरोखरच होयसळांच्या राजधानीच्या अंगणापर्यंत पोचले होते. देवगिरीपासून इतक्या लांब येणं ही लहान गोष्ट नव्हे. आणि खरोखरच तिथून परतले. टिक्कमाने लूट नक्की नेली असणार, नाहीतर हरिहरला देऊळ बांधायला उसंत आणि पैसा कुठून? पण सीमा? ती तुंगभद्रेपाशीच राहिली. एवढा खर्च, एवढी माणसं आणि नकाशात फरक शून्य.

कोकणाचं प्रकरण वेगळं. तिथे महादेवरायाने १२६५ च्या सुमारास शिलाहार सोमेश्वराचा समुद्रात पाडाव केला, राज्यच खालसा झालं आणि रामचंद्राच्या वेळी ठाण्याला यादवांचा अधिकारी बसलेला दिसतो. बोरिवलीजवळ एक्सरचे जे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, खाली हत्ती आणि वर वल्ह्यांची गलबतं कोरलेले, ते याच युद्धाचे असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे यादव जिथे मनावर घेत तिथे कायमचं राज्य जोडतही होते. रामचंद्राने माळव्याच्या अर्जुनवर्म्यावरही चढाई केली. त्यात फार खोल जात नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो रायचूरचा दगड. काकतीय प्रतापरुद्राचा सेनापती गोन विठ्ठल याने १२९४ मध्ये, आदवानी, मानवी वगैरे ठाणी घेऊन, रायचूरचा कोट बांधला आणि त्यावर तेलुगूत लेख कोरला. ती एकच शिळा सुमारे ४० फूट लांब आहे आणि ती गाड्यावरून ओढून आणतानाचं चित्रही तिथेच कोरलंय. ही शिळा कोणाच्या बापाच्याने बैलगाडीत घालून पलीकडच्या तालुक्यात नेता येणार नाही. म्हणून तिचा पत्ता पक्का. कृष्णा-तुंगभद्रेमधला जो दुआब यादव आपला समजत, त्यात १२९४ मध्ये शत्रू कोट बांधतोय, आणि तोही एवढ्या निवांतपणे की कोरक्याला चित्र काढायला वेळ आहे.

१२९४. अल्लाउद्दीन येतो १२९६ मध्ये. दोनच वर्षं. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळायला लागतं. यादवांचं तोंड त्या वेळी आग्नेयेकडे आणि दक्षिणेकडे होतं. यादवांचे बहुसंख्य लेख कानडी मुलखात कानडीत आहेत, हेही याच्याशी ताडून बघा. तिकडे दगड जास्त टिकले आणि जास्त गोळा झाले हे खरं, तरी राज्याचा जीव दक्षिणेत किती गुंतला होता याचा अंदाज येतो.

१२९६ ची हकीकत आपल्याकडे येते ती सगळी फारशी इतिहासकारांकडून. यादवांच्या बाजूने त्याबद्दल एक ओळ नाही. त्यामुळे कोण कधी लिहितोय ते बघूनच पुढे जायचं. इसामीने १३५० च्या सुमारास लिहिलं आणि तो स्वतः दौलताबादला राहिलेला होता, म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांकडून त्याने ऐकलेलं असणार. फिरिश्ता लिहितो तीनशे वर्षांनंतर, विजापुरात बसून. त्याच्याकडे रंगतदार तपशील भरपूर, पण ते तेवढ्याच जपून घ्यायचे.

कडा हे प्रयागजवळचं ठाणं, अल्लाउद्दीन तिथला सुभेदार. तो दिल्लीच्या जलालुद्दीन खलजीचा पुतण्या आणि जावईही. सुलतानाला थांगपत्ता लागू न देता तो १२९६ च्या फेब्रुवारीअखेर निघाला, चंदेरीवरून विंध्य-सातपुडा ओलांडून अचलपुराला आला, तिथून देवगिरी. जूनच्या सुरुवातीला तो परत कड्याला पोचला होता. जाणं, वेढा, लूट, येणं मिळून शंभर दिवसांच्या आसपास. या वेगाकडे नीट बघा. होयसळांवर जाताना यादवांची फौज महिनोन्महिने बाजारबुणगे घेऊन सरकायची आणि शत्रूला बातमी लागायला, मांडलिकांना बोलवायला सवड मिळायची. दोन्ही बाजूंना या वेळापत्रकाची सवय होती. अल्लाउद्दीनने ती सवड दिलीच नाही.

अजिबात प्रतिकार झाला नाही हेही खरं नाही. लाजौरा नावाच्या घाटात कान्हा नावाच्या यादव सुभेदाराने त्याला अडवलं आणि त्याच्या बाजूने दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या, असं इसामी लिहितो. पहिल्या झटक्यात तुर्की घोडदळ मागेही हटलं होतं. त्या दोघींची नावं कुठेच नाहीत. मी त्या भागात फिरताना वीरगळ दिसला की आधी त्यावर स्त्रीची आकृती आहे का ते शोधतो. अजून सापडलेली नाही.

राजाच्या हाताशी त्या वेळी मुख्य फौज नव्हती यावर दोन्ही इतिहासकारांचं एकमत आहे. ती युवराजाबरोबर बाहेर होती. एक म्हणतो मोहिमेवर, दुसरा म्हणतो तीर्थयात्रेला. रायचूरचा तो कोट डोळ्यांसमोर ठेवला तर मला मोहीमच जास्त संभवते, पण हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. राजाने गावातली माणसं, नोकरचाकर गोळा करून सामना दिला, तो फसला आणि तो किल्ल्यात शिरला. फिरिश्ता सांगतो की कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली पोती धान्य समजून घाईघाईने किल्ल्यात नेली होती आणि उघडली तर त्यात मीठ निघालं. गोष्ट फार नेटकी आहे म्हणून मी ती शंभर टक्के खरी मानत नाही. पण तिच्यामागची वस्तुस्थिती मानतो: किल्ला वेढ्याच्या तयारीत नव्हता. आज दौलताबादला जाऊन आपण जे पाहतो, तो एकाआड एक तटबंदीचा चक्रव्यूह, त्यातला बराच भाग नंतरच्या राजवटींचा आहे. आजचा किल्ला बघून रामचंद्राला दोष देऊ नका.

अल्लाउद्दीनने हूल उठवली की आपण नुसती आघाडी आहोत, मागून दिल्लीचं वीस हजारांचं लष्कर येतंय. राजाने तह केला. तेवढ्यात युवराज फौज घेऊन परतला आणि बापाचं न ऐकता लढाईला उभा राहिला. त्याचा जोर चढत असताना नुसरत खानाची हजार घोड्यांची तुकडी धुरळा उडवत आली आणि हेच ते दिल्लीचं लष्कर समजून यादवांची फळी फुटली. दुसरा तह पहिल्यापेक्षा जबर झाला. फिरिश्ता ६०० मण सोनं आणि ७ मण मोती सांगतो. या आकड्यांचे किलो करत बसू नका. मणाचं वजन काळाप्रमाणे आणि प्रांताप्रमाणे बदलतं. एवढं निश्चित की लूट इतकी होती की त्याच वर्षी, जुलैमध्ये, अल्लाउद्दीन चुलत्याला कड्याला मारून त्या पैशावर दिल्लीचं तख्त घेऊ शकला. अचलपूर भागाचा वसूलही त्याने लिहून घेतला.

हेमाद्रीबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो: घात केल्याचा एकही समकालीन पुरावा नाही. ना लेखात, ना फारशी बखरीत. तो महादेवरायाच्या वेळी वर आला, १२७२ च्या ठाणे ताम्रपटात आहे, पंढरपूरला आहे. १२९६ च्या प्रसंगात त्याचं नावच कुठे येत नाही. 'चतुर्वर्गचिंतामणी'त त्याने व्रतांचा एवढा मोठा खंड लिहिला म्हणून राज्य कर्मकांडात बुडालं, हा युक्तिवाद मला पटत नाही. त्याच काळात त्याच राज्याची फौज बेळवाडीपर्यंत गेली होती. आपण हेमाद्रीच्या खात्यावर बरं आणि वाईट दोन्ही भरमसाट टाकतो. जुनं दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणतो. अंबरनाथचं देऊळ १०६० चं, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं.

घरातली दुही मात्र खरी होती. महादेवाने गादी पुतण्याला न देता आपल्या मुलाकडे, आमणाकडे जाईल अशी व्यवस्था केली. रामचंद्र नाटकवाल्यांच्या वेषात माणसं घेऊन देवगिरीत शिरला आणि त्याने गादी घेतली. अशा राजाला सरदारांना सतत बाहेर, मोहिमांवर गुंतवून ठेवावं लागतं. हेही फौज दूर असण्याचं एक कारण असू शकेल.

इथवरचं एकत्र करतो. लेख खोटे नव्हते, पण त्यांतली निम्मी भाषा वारशाची होती. राजा भित्रा नव्हता, घरी फौज नव्हती. हेमाद्रीचा संबंध दाखवता येत नाही. आणि शंभर वर्षं ज्या पद्धतीच्या युद्धाची तयारी केली, ते युद्ध आलंच नाही.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न, आणि मला वाटतं तोच सर्वांत दुखरा आहे. वरंगळला बातमी पोचेपर्यंत अल्लाउद्दीन परतीच्या वाटेला लागलेला असणार. पण वेळ असता तरी कोणी आलं असतं असं मला वाटत नाही. प्रतापरुद्राने नुकताच रायचूरला कोट बांधला होता. होयसळ तिसऱ्या बल्लाळाने १३०० नंतर बनवासी-सांतळिगेच्या बाजूला यादवांचा मुलूख खायला सुरुवात केली. त्यांच्या लेखी देवगिरीचं नुकसान म्हणजे आपला फायदा. आणि रामचंद्रही पुढे तसाच वागला, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

दिल्लीची खंडणी काही वर्षं थांबली. गुजरातचा परागंदा कर्ण वाघेला बागलाणात आश्रयाला होता. त्यावरून १३०७ च्या सुमारास अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला, रामचंद्राला दिल्लीला नेलं. इसामी म्हणतो की मुलाने कारभार बळकावला म्हणून राजाने स्वतःच दिल्लीला गुप्त निरोप पाठवला होता. तसं असेल तर हा पराभव की निवड, हा प्रश्नच बदलतो. अल्लाउद्दीनने त्याला सहा महिन्यांनी मानाने परत पाठवलं: 'रायरायान' किताब, लाखभर टंके, वर नवसारीचा मुलूख. मग १३०९-१० मध्ये काफूर वरंगळवर निघाला तेव्हा देवगिरीने त्याला वाट, दाणागोटा, माणसं सगळं पुरवलं. प्रतापरुद्र शरण आला.

त्याच वर्षाचा, शके १२३२, म्हणजे १३१० चा पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट आहे, बीड जिल्ह्यात गोदाकाठी सापडलेला, वा. वि. मिराशींनी वाचून प्रसिद्ध केलेला. वरंगळची स्वारी संपली आहे, दोरसमुद्राची निघायची आहे, त्या मधल्या काळात तो कोरला गेला. त्यात रामचंद्राने वैरागड घेतलं, भंडारा घेतलं, त्रिपुरीला हरवलं, एवढंच काय, म्लेच्छांच्या हातून वाराणसी सोडवून तिथे देऊळ बांधलं, असं आहे. १२९६ नाही. दिल्ली नाही. हा पट मी पहिल्यांदा ओळीने वाचला तेव्हा शेवटी बराच वेळ गप्प बसून राहिलो. लिहिणाऱ्याने जे गाळलं ते त्याला पाठ असणार.

पुढच्याच फेब्रुवारीत, १३११ मध्ये, काफूर पुन्हा देवगिरीला आला. दिल्ली दरबारचा कवी अमीर खुस्रो लिहितो की शहर सजवलं होतं, लष्करासाठी बाजार मांडले होते. दक्षिण सीमेवरचा यादव सेनापती वाट दाखवायला पुढे झाला. खुस्रोने त्याचं नाव परसदेव दळवी असं दिलंय. दळवी म्हणजे दळाचा अधिकारी, आपल्याकडचं हे आडनाव तिथपर्यंत मागे जातं. होयसळ बल्लाळ तेव्हा कुठे होता? पांड्य भावांच्या गादीच्या भांडणात हात मारायला फौज घेऊन दक्षिणेत. दोरसमुद्र रिकामं, जसं पंधरा वर्षांपूर्वी देवगिरी होतं. तो धावत परतला आणि काही दिवसांतच शरण गेला.

त्याच सुमारास रामचंद्र वारला. १२७६ मध्ये त्याचा टिक्कम दोरसमुद्राच्या दारातून, बेळवाडीच्या शेतांतून, मागे फिरला होता. ३५ वर्षांनी ते दार उघडलं. वाट देवगिरीच्या माणसांनी दाखवली, फौज दिल्लीची होती, आणि आत गेलेले हत्ती-घोडे दिल्लीला गेले.